बाराओनाचं कुलूप

"तोड ते कुलूप, युडेल्का! माझ्या जबाबदारीवर तोड."

डॉक्टर पेगेरो दारातूनच ओरडले. वादळ पहाटे ओसरलं होतं, तरी त्यांचे बूट चिखलाने माखलेले होते. आसुआचे सर्व्हर सांभाळणाऱ्या युडेल्का फेरेरासने कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर काढली नाही.

"नाही तोडणार, डॉक्टर. बसा. थर्मासमध्ये कॉफी आहे."

"कॉफी काय घेऊन बसलीस! सान हुआनला एका बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह. तिथलं संपलं, आपल्या आसुआतलं संपलं. आता कुठे शिल्लक आहे ते तुझं मशीनच सांगणार ना?"

देशाच्या दक्षिणेतल्या सगळ्या इस्पितळांत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे एका व्हर्च्युअल मशीनवर कळायचं. त्या मशीनला स्वतःचं पत्र्याचं खोकं नव्हतं. आसुआच्या नाहीतर बाराओनाच्या सर्व्हरच्या पोटात ते चालायचं. त्याची डिस्क मात्र तिसरीकडेच, ओकोआच्या डोंगरात. वादळ आसुआवर येणार असं सगळे सांगत होते, म्हणून युडेल्काने आदल्या दिवशी मशीन बाराओनाला हलवलं. वादळाने वाट बदलली आणि ते बाराओनावरच कोसळलं. तिथले फोन गेले, इंटरनेट गेलं. शाबूत राहिली ती फक्त तिथून ओकोआकडे जाणारी, जमिनीत पुरलेली केबल. तिच्यावरून डिस्कचं लिहिणं-वाचणं चालायचं. माणसाचा निरोप जायचा नाही.

"बाराओना मेलंय, अगं. त्याची वाट काय बघायची? इथे चालू कर."

"मेलेलं नाही. ही ओळ बघा." तिने बोट ठेवलं. "तिथला सर्व्हर अधूनमधून डिस्कच्या कोपऱ्यात खूण करतो, की मी आहे, कुलूप माझ्याकडे आहे. ही बघा, आत्ता केली."

"कुणाशी बोलत नाही, कामाला येत नाही, पण जिवंत. माझ्या मेव्हण्यासारखं."

"मेव्हण्याच्या ताटात दुसऱ्याला जेवायला बसवाल का? दोन्हीकडून एकाच डिस्कवर लिहिलं गेलं की सगळा काला. एकाचा गट दुसऱ्याच्या नावावर. मग कुठल्या पिशवीवर विश्वास ठेवाल?"

डॉक्टर खुर्चीत बसले. तेही उगाच ओरडत नव्हते. ती बाळंतीण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. म्हणाले, "आणि हे चालणार कुठवर?"

"डॉन नेरेओ येऊन बंद करतील तोवर."

"नेरेओचं घर किनाऱ्याला लागून. तो आपलं छप्पर धरेल, की तुझं मशीन?"

"ते येतील."

नेरेओ कुएवास बाराओनाचं सर्व्हरघर सांभाळायचे; वयाने वडील म्हणून सगळे त्यांना डॉन म्हणत. युडेल्काने सगळ्या मशीनना कुंपणं घातली, तेव्हा सर्वांत जास्त कुरकूर त्यांनीच केली होती. तिने प्रत्येक मशीनला वेगळा बिल्ला दिला, त्याच्या डिस्कलाही तोच. बिल्ला जुळला नाही तर सर्व्हरच वाट अडवणार. वर प्रत्येक डिस्कला कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच सर्व्हरने लिहायचं. "पोरी, हे ऑफिस आहे की तुरुंग?" असं ते फोनवर रोज विचारायचे. मग पगाराच्या मशीनमध्ये कुठूनसा व्हायरस शिरला. त्याने शेजारच्या डिस्कांवर धडका दिल्या, पण रक्ताच्या माहितीला बोट लावता आलं नाही. तेव्हापासून नेरेओच नव्या माणसांना सुनवायचे, "आमच्यात ज्याची त्याची चूल वेगळी. शेजाऱ्याच्या भांड्यात हात घालायचा नाही."

डॉक्टर इस्पितळांना फोन लावत होते. निम्मे लागत नव्हते. लागले तिथे नाही म्हणत होते. सान हुआनहून परत फोन आला. डॉक्टरांनी तो ऐकला आणि फोन हळूच टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. कुलूप तोडायचा आदेश तिला पाठ होता. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तेवढ्यात ओळ बदलली.

तिकडच्या जनरेटरचं डिझेल संपलं असतं, तर खुणा नुसत्या थांबल्या असत्या आणि कुलूप बाराओनाच्या नावावर तसंच राहिलं असतं. इथे नावच पुसलं गेलं होतं. कुणीतरी समोर बसून मशीन शिस्तीत बंद केलं होतं.

"सोडलं त्यांनी," युडेल्का म्हणाली. तोवर तिची बोटं चालू लागली होती. कुलूप आसुआच्या नावावर चढलं, बिल्ले जुळले, मशीन उठलं. "बानी. बानीला आहेत ओ निगेटिव्ह. तिथला फोन लागत नाही, इथूनच ॲम्ब्युलन्स काढायला सांगा!"

डॉक्टर फोनमध्ये ओरडू लागले. संध्याकाळी सान हुआनहून निरोप आला, बाई वाचली. डॉक्टरांनी थर्मास उघडला. कॉफी केव्हाच गार झाली होती. तीच दोघांनी वाटून घेतली.

रस्ता उघडल्यावर दोघं गाडीत पाणी आणि कंदाच्या पिठाच्या कासाबे भाकऱ्या घालून बाराओनाला गेली. नेरेओच्या घराच्या चार भिंती उभ्या होत्या, वर उघडं आभाळ. त्यांची बायको, तोमासिना, दगडांवर गाद्या वाळत घालत होती.

"ही का ती कुलूपवाली?" ती म्हणाली. "वारा पडला तसे हे कंबरभर पाण्यातून निघाले. म्हटलं, अहो, अर्धं छप्पर अजून धरून आहे, दोर तरी बांधा. तर म्हणे, आधी तिकडचं. दुपारी परत वारा सुटला आणि उरलेलंही गेलं."

"कंबरभर पाण्यातून गेलात, डॉन नेरेओ," युडेल्का म्हणाली. "मी कुलूप तोडलं असतं तर?"

"तू?" म्हातारा हसला. "तू तोडणार नाहीस, हे ठाऊक होतं. म्हणून तर जावं लागलं. नाहीतर झोपलो असतो निवांत."

डॉक्टर काही बोलायला गेले, पण नेरेओंनी हात उडवला. "भाषण नंतर, डॉक्टर. छपराचे पत्रे सापडलेत. तिकडे, केळीच्या बागेत."

पत्रे दुमडले होते, पण फाटले नव्हते. नेरेओंनी एकाची एक बाजू धरली, दुसरी डॉक्टरांनी. पत्रा लांब होता, मधे लवत होता. युडेल्का वाकून खाली शिरली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन तिने तो मधोमध उचलला आणि तिघं चिखलातून हळूहळू घराकडे निघाली.