पहिल्या तीन फर्म्यांतला ‘द.’

छापखान्याचा निरोप आला तेव्हा मी कोकरांना पाला टाकत होतो. गोरेगावच्या जीपवाल्याने रस्त्यावरूनच हाक दिली, “सोमेश्वर, तीन फर्मे निघाले म्हनं! मोहनसिंगनं बोलावलंय.”

हातातला पाला हातातच राहिला. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पाने. माझ्या कादंबरीचे पहिले तीन अध्याय या जगात आले होते.

सहा वर्षे मी ती लिहीत, खोडत आणि पुन्हा लिहीत होतो. दोन प्रकाशकांकडून ती परत आली. दुसऱ्याने तर गठ्ठ्याला मी मारलेली गाठही सोडली नव्हती. तेव्हा ठरवले, संपादक मीच आणि प्रकाशकही मीच. माणसांत माझा आवाज विझून जातो. कागदावर तो मला सापडतो, आणि तो कोणाच्या तरी कपाटात गुदमरावा हे मला सोसवत नव्हते.

कादंबरी एका मेंढपाळाची. त्याला मी वडिलांचेच नाव दिले होते, दगडोबा. इतर नावे घालून पाहिली, पण एकही त्याच्या अंगाला बसेना. आबांचे नाव मतदार यादीखेरीज कुठे छापले गेले नव्हते. ते पुस्तकात यावे, यासाठीच खरे तर सारा खटाटोप.

प्रूफे तपासताना छापखान्याच्या मोहनसिंगने बजावले होते, “भाऊ, आपलं लिवलेलं आपुन डोळ्यानं तपासू नका. जे लिवायचं व्हतं तेच दिसते.” म्हणून दुपारी, हनुमानदादा मेंढरे घेऊन गेला की, त्याची बायको सत्यशीलावहिनी छापील प्रूफ मोठ्याने वाची आणि मी हस्तलिखितावर बोट फिरवीत ऐके. चूक सापडली की लाल खूण तीच करी. नायकाचे नाव आले की ती ‘मामंजी’ म्हणे. सासऱ्याचे नाव सून कशी घेणार? मी ‘मामंजी’ ऐकत असे आणि बोटाखालच्या ‘दगडोबा’वरून पुढे सरकत असे.

निरोपानंतर आबा, वहिनी आणि मी हिंगोलीला निघालो. आबांनी नवा पटका बांधला होता.

“पोरानं माझ्यावर पुस्तक काढलं,” त्यांनी जीपमध्ये जाहीर केले.

“तुमच्यावर न्हाई, आबा. नाव तेवढं तुमचं.”

“नाव माझं, मेंढरं माझी, अन् माणूस दुसराच? मंग फोटू तरी टाक माझा!”

जीपभर हशा पिकला. मी लाजून कपाशीच्या शेतांकडे पाहत राहिलो. पण छातीत काहीतरी कोकरासारखे उड्या मारत होते.

छापखान्यात शाईचा दरवळ होता. मी वरचा कागद उचलला, दिव्याखाली धरला आणि वाचले: ‘द. उठला. द.ने घोंगडी झटकली.’

दुसरे पान पाहिले, मग दुसरा फर्मा, मग तिसरा. सगळीकडे ‘द.’ माझा दगडोबा कुठेच नव्हता.

मोहनसिंगने कपाळावर हात मारून घेतला. “माझीच चुकी, भाऊ. नाव घडीघडी येते म्हणून टाइप करताना नुसतं ‘द.’ मारतो, शेवटी एकदम बदलून घेतो. ते राहूनच गेलं. पण प्रूफात तं दिसलं असंल ना तुमाला?”

मी वहिनीकडे पाहिले. तिने पदर सावरला.

“दिसलं, भावजी. पन मला वाटलं तुमी मुद्दाम केलं. वहिनीला वाचायचं हाय, तिची अडचण नको, म्हणून. म्हणलं, किती इचार करतेत भावजी.”

“आगं, येकदा नाव घेतलं असतंस तं मी काय मरून राहिलो व्हतो?” आबा म्हणाले.

“तुमी उगी ऱ्हा, मामंजी. तुमच्यापायीच झालं हे.”

मला रागावता येईना. तिने माझ्या पदरी टाकलेला तो समंजसपणा माझ्यात नव्हता, याचेच वाईट वाटले.

मोहनसिंगने कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे बोट केले. कागद पुस्तकापुरताच आणलेला होता. “हे तीन फर्मे पुन्हा छापले तं शेवटचे तीन उपाशी. शेवट कापा, न्हाई तं हे असंच राहू द्या.”

शेवट कापायचा, की नाव जाऊ द्यायचे? मी कागदांच्या गठ्ठ्यावर बसलो आणि छापलेली पाने परक्याने लिहिली असावीत तशी वाचू लागलो. वाचता वाचता थबकलो. या तीन अध्यायांत त्याला नावाने हाक मारतो तरी कोण? व्यापारी म्हणतो ‘ए मेंढक्या’. पोरे म्हणतात ‘आबा’. बायको म्हणते ‘अवो’. त्याचे नाव घेणारा एकटा मीच होतो, त्याचा लेखक. तो ‘द.’ आता मला चूक वाटेना. सारे जग ज्याच्या नावाला वळसा घालून जाते असा एक माणूस त्या टिंबामागे उभा होता.

नाव यायलाच हवे होते, पण माझ्या लेखणीतून नव्हे. कोणाच्या तरी तोंडून.

चौथा अध्याय अजून छापायचा होता. त्यात वाहून चाललेल्या मेंढीसाठी तो कयाधूच्या पुरात उतरतो, आणि बायको काठावरून ‘अवो’ म्हणून ओरडते.

“वहिनी,” मी विचारले, “नवरा पुरात चालला. ‘अवो’ म्हणून थांबंना. ती नाव घेईल?”

तिने खरोखरच विचार केला. “घेईल. आधी घेईल, मंग तोंडाला पदर लावील.”

“अन् तो थांबंल,” आबा म्हणाले. “बायकोनं नाव घेतल्यावर माणूस जागीच थिजते.”

मी एका वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर लिहीत सुटलो. जुना परिच्छेद सगळा खोडला. सहा वर्षे त्या काठावर मी पावसाची वर्णने करीत बसलो होतो, आणि त्या बाईला एक शब्द उच्चारू दिला नव्हता. आता तिने तो उच्चारला आणि माझी लेखणी तिच्यामागे धावू लागली. मोहनसिंग माझ्या खांद्यावरून वाचत होता.

“मंग पुढं नाव बदलून घेऊ ना?”

“नदीपासून पुढं,” मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा निघाला की आबांनी दचकून पाहिले.

संध्याकाळी प्लेट चढली. यंत्र धडधडले आणि चौथ्या फर्म्याचा पहिला कागद बाहेर आला. आबा पुढे वाकले. “कुठंय?”

मी दाखवले.

“एवढंसंच?” म्हणत त्यांनी त्यावर बोट टेकवले.

“काका, ओलं हाय!” मोहनसिंग ओरडला, पण नाव फिसकटले होते.

“दुसरा येऊन राहिला ना,” आबा बोट पाहत म्हणाले.

आणि खरेच, यंत्रातून दुसरा कागद येत होता, त्याच्यामागून तिसरा, आणि प्रत्येकावर ती बाई त्याला हाक मारीत होती.