अर्धा इंच

समोरच्या बाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि त्या वाट बघत उभ्या राहिल्या. काउंटरवालीने गळ्यातली टेप सारखी केली, कुणाहीकडे पाहून हसे तशी हसली आणि पावतीपुस्तक ओढलं.

"नाव काय लिहू?"

मागे मालकांची कात्री थांबली. रांगेतली तिघं गिऱ्हाइकंही बघायला लागली, तेव्हा तिला कळलं. ह्याच त्या हेडबाई.

सकाळीच मालकांनी बजावलं होतं. शाळेच्या हेडबाई सहा वर्षं आपल्याकडे कपडे दुरुस्तीला टाकतात, परवा बसथांब्यावर तुझ्याकडे बघून हसल्या आणि तू खुशाल तोंड फिरवलंस. आज येतील तेव्हा नीट ओळख दाखव, नाहीतर सोमवारपासून आतल्या मशीनवर बस. आतल्या मशीनसमोर नुसती भिंत होती आणि तिला तर माणसं लागत. फक्त त्यांचे चेहरे डोक्यात टिकत नसत. नाक, डोळे, हनुवटी सगळं लख्ख दिसे, पण नजर वळली की पाटी कोरी. डॉक्टरांनी ह्याला लांबलचक नाव दिलं होतं. मालकांना तिने ते सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, माझंही तेच, चष्मा कुठे ठेवतो आठवत नाही.

मग ती आपली माणसं आडवाटेने ओळखायची. आईला खोकल्यावरून, गिऱ्हाइकांना पिशवीवरून, चालीवरून. एकदा सख्खी बहीण नवा कोट घालून गुपचूप पुढे उभी राहिली, तर तिलाही नाव विचारून बसली. गल्लीत सगळे तिला महाराणी म्हणत. तिला ते लागायचं.

हेडबाईंची पिशवी आज नवी होती, आणि चाल अगदी चारचौघींसारखी.

"सहा वर्षांत एवढंही लक्षात राहू नये?" मालक पुढे येत म्हणाले. "बाईंची एक तरी खूण सांग बघू."

काहीतरी करायचं म्हणून तिने पिशवीतली पँट काढून उलटी केली. जुनी होती, कंबर सैल करायला आणलेली. पायांच्या दुमडी तिच्याच हातच्या होत्या. डावी उजवीपेक्षा अर्धा इंच जास्त.

अरेच्चा, ह्या तर आपल्या अर्धा इंच! सहा वर्षांपूर्वी दार लावून, टाचण्या टोचताना, ह्याच बाई कुजबुजल्या होत्या की डावा पाय आखूड आहे, बुटात पॅड घालते, घरच्यांपलीकडे कुणाला माहीत नाही. त्या पॅडवर चारचौघींसारखं चालायला त्यांना किती कष्ट पडत असतील, ह्याचं तिला तेव्हापासून कुतूहल होतं.

खूण हातात होती. सांगितली असती तर नोकरी तिथल्या तिथे सावरली असती. तिने पँटची घडी घातली, दुमडी आत जातील अशी.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "चुकलं माझं, बाई."

मालकांनी कपाळाला हात लावला. तिने पावती लिहिली, नाव न घालता, आणि उलटी करून पुढे सरकवली. हेडबाईंनी ती वाचली. 'डावा अर्धा इंच, नेहमीसारखा. चेहरा माझ्या लक्षात राहत नाही, कुणाचाच.' त्यांनी पावती पर्समध्ये अगदी तळाशी ठेवली आणि त्या निघून गेल्या.

शनिवारी दुकान गच्च भरलं होतं. टेप, खडू, टाचण्यांचा डबा असं तिने आपलं सामान आधीच आतल्या मशीनवर नेऊन ठेवलं होतं. एक बाई रांग सोडून सरळ काउंटरशी आल्या. तिने पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे पाटी कोरी.

"मी अर्धा इंच," त्या म्हणाल्या. वर्गात हजेरी घ्यावी एवढ्या मोठ्याने.

ती हसली. ह्या खेपेला खरंखुरं.

"म्हणजे काय?" मालकांनी विचारलं.

"त्यांना विचारू नका, त्या सांगायच्या नाहीत. मागच्या वेळी खूण ठाऊक असून गप्प राहिल्या. माझा डावा पाय आखूड आहे. आणि ह्यांना चेहरे ओळखू येत नाहीत, तेव्हा ज्याने त्याने आपापली खूण सांगावी. मला काही जड गेलं नाही."

जड गेलं होतं. पँट घेताना त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. मग रांगेतले एक आजोबा घसा खाकरून म्हणाले, "मी कोपर फाटलेला स्वेटर."

मालक आत गेले आणि टाचण्यांचा डबा परत आणून काउंटरवर ठेवला.

हेडबाई दारातून बाहेर पडल्या. फुटपाथवर आल्या आणि त्यांची चाल बदलली. डावीकडे थोडं झुकत, सावकाश, जशी होती तशी. ती काचेतून त्या वळेपर्यंत बघत राहिली. आता बसथांब्यावर त्या पलीकडच्या बाजूला असल्या, तरी ओळखू येणार होत्या.