गर्दी झाली की कळवा

पांढऱ्या कापडाखालून त्याने हात बाहेर काढला आणि फोन न्हाव्याच्या नाकासमोर धरला.

"गिऱ्हाईक आलं की हे अधिक दाबायचं. उठून गेलं की हे उणे. बास. दुकानात किती जण आहेत, ते सगळ्यांना घरबसल्या कळणार."

"हलू नका," न्हावी म्हणाला. "कान तुमचाच आहे."

तो हलला नाही, पण फोनही खाली घेतला नाही. कानाचं पुढे बघता आलं असतं.

घरी बसून तो लोकांच्या वेबसाइट करायचा. प्लायवूडवाल्याला पानावर धबधबा हवा असे, दंतवैद्याला स्वतःचा फोटो आणखी मोठा हवा असे, आणि तो दोघांनाही ते देई. ही झाली पोटाची कामं. उरलेल्या वेळात तो स्वतःची अ‍ॅप करी. कुंड्यांना पाणी घालायची आठवण देणारं एक केलं. ते बिनचूक व्हावं म्हणून तो इतका खपला की तोवर कुंड्या वाळल्या. भांडी कोणी घासायची हे निःपक्षपातीपणे ठरवणारं दुसरं. ते लागोपाठ त्याचंच नाव काढू लागलं, तेव्हा त्यात काहीतरी दोष आहे असं त्याचं ठाम मत झालं. बायकोच्या मते ते त्याचं एकमेव निर्दोष काम होतं.

बायको सोशीक होती, पण तिला एक दादा होता. दादाच्या कंपनीत एक खुर्ची रिकामी झाली होती आणि रिकामी खुर्ची दिसली की दादाला मेव्हण्यांची आठवण येई.

"हे शेवटचं," बायकोने सांगितलं होतं. "घराबाहेरच्या एका माणसाने, तू मागे न लागता, हे आपणहून वापरलं, तर मी दादाला नको म्हणून कळवते. नाहीतर निमूट जायचंस. आणि रोज तोंड पाडून परत यायचं नाही."

"एकच माणूस?"

"एकच. मला तुझी परिस्थिती माहीत आहे."

म्हणून तो कंबर कसून उतरला. न्हाव्याच्या बोटांना सतत फेस. ओल्या बोटाला फोन दाद देईना. त्याने बटणं तळहाताएवढी केली. मग न्हावी कोपराने दाबू लागला. अधिक दाबायचं त्याच्या लक्षात राही, उणे राहत नसे. संध्याकाळी तो एकटा केस झाडत असे आणि अ‍ॅपच्या मते दुकानात पाय ठेवायला जागा नसे. तेव्हा त्याने आपला जुना फोन दाराच्या चौकटीला चिकटपट्टीने बसवला आणि हे काम गिऱ्हाइकांवरच सोपवलं. लोक आत येताना अधिक दाबत, जाताना आरशात शेवटचा भांग बघून उणे दाबत. हिशेब जुळू लागला. बाकावरच्या नेहमीच्या मंडळींना त्याने मागे लागून लागून अ‍ॅप घ्यायला लावलं. दुकान रिकामं झालं की सगळ्यांच्या फोनवर टिंग वाजायचं आणि अक्षरं उमटायची: "आता कोणी नाही. या."

टिंग वाजे, आणि कोणी येत नसे.

दुकानाच्या वरच्याच मजल्यावर, आपल्या खोलीत बसून तो आलेख बघत राही. दुकान रिकामं झालं, निरोप गेला, पोचला, वाचला गेला, आणि काहीच नाही. उलट बाक भरला की आणखी दोघे येऊन टेकत. त्याने सगळा कोड ओळ न् ओळ तपासला. घड्याळ बरोबर. आकडा बरोबर. चूक असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शेवटी तो स्वतःच खाली गेला आणि बाकाच्या टोकाला बसला. थोड्या वेळाने निवृत्त हेडमास्तर आले. फोनकडे बघत, चष्मा कपाळावर. दारात अधिक दाबून त्यांनी बाकाकडे नजर टाकली आणि तपासणीला वर्ग भरलेला मिळाल्यासारखे खूश झाले.

"पाच दाखवत होतं. म्हटलं निघावं."

"सर, पाच म्हणजे तुम्हाला थांबावं लागणार."

"मग? घरी मी काय धावत असतो?"

बाक हसला. न्हाव्याने वस्तरा क्षणभर गालापासून दूर धरला आणि तोही हसून घेतला.

"पण सर, रिकामं झालं की वाजतं ना तुमच्या फोनवर?"

"वाजतं की. तेव्हा मी येत नाही. रिकाम्या दुकानात एकटं बसून आरशात स्वतःलाच बघायचं? ते दाढी करताना बघतो मी रोज."

शेजारी नळदुरुस्तीवाले काका बसले होते. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. न्हावी त्यांना कधी नंबर विचारत नसे आणि तेही कधी सांगत नसत.

"मी तर काढून टाकलं तुमचं ते," काका म्हणाले.

"का हो काका? अडकत होतं का?"

"छे, अडकायचं काय. झकास चालतं." काकांनी गुडघ्यावरची पुडीसारखी घडी केलेली पिशवी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली. "दुपारी आडवा झालो की टिंग. 'आता कोणी नाही.' जरा डोळा लागला की परत टिंग. 'आता कोणी नाही.' अहो, घरी मी एकटा. मला ठाऊक आहे कोणी नाही ते. किती वेळा सांगाल?"

 मग हेडमास्तर पावसाळी पायपुसण्यांच्या घसरत्या दर्जाविषयी बोलू लागले, आणि काकांचं त्याबाबतीत अगदी वेगळं मत निघालं.

तो उठला. दारात उणे दाबायला हात गेला, पण दाबलं नाही. तसाच जिना चढला.

बायको ओले कपडे वाळत घालत होती. "काय रे, सापडला का दोष?"

"सापडला."

"मोठा आहे?"

"एक चिन्ह." तो खुर्चीत बसला. कोडमधलं 'पेक्षा कमी'चं चिन्ह त्याने तोंड फिरवून 'पेक्षा जास्त'चं केलं आणि निरोपातले तीन शब्द बदलले. मग खाली जाऊन काकांना एकदाच सांगून आला, "काका, आता ते तसं म्हणणार नाही." परत घ्या असं म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दंतवैद्याचा फोटो मोठा करत होता. दात आता पानाबाहेर जाऊ लागले होते. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. टेबलावरचा फोन वाजला.

"गर्दी झाली आहे. या."

त्याने निरोप वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग फोटो तसाच अर्धवट सोडून उठला आणि चपला शोधू लागला.

"कुठे?" बायकोने विचारलं. "केस तर परवाच कापलेस."

त्याने डोक्यावरून हात फिरवला. तक्रार करण्यासारखं तिथे काही शिल्लक नव्हतं.

"बघून येतो, बरोबर वाजलं का."

"इथे ऐकू आलं मला. बरोबर वाजलं."

तोवर तो जिन्यात होता.

तिचा फोन वाजला. दादा होता. फोन कानाला लावत ती खिडकीपाशी गेली. "काय ठरलं मग?" दादा विचारत होता. "खुर्ची किती दिवस अडवून ठेवू मी?"

खाली रस्त्यापलीकडून नळवाले काका येत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्यात डोळ्यांसमोर धरलेला फोन, आणि टकलावर सकाळचं ऊन. त्यांनी रस्ता जवळजवळ पळतच ओलांडला. दारात तिचा नवरा उभा होता. तो बाजूला सरला, त्याने काकांना आधी अधिक दाबू दिलं, आणि मग स्वतः दाबलं.

"हॅलो? ऐकतेयस ना? दे जरा त्याच्याकडे."

"नाहीये रे दादा तो घरात," ती म्हणाली. "कामावर गेलाय."