सतरा नंबर

शकूने आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि तो गेल्यावर तर तिची आणखीच पंचाईत झाली. होता तेव्हा "अहो" म्हटलं की भागायचं. गेलेल्या माणसाला "अहो" म्हणून कुठल्या दिशेला हाक मारायची? ही अडचण सोडवली मुंबईच्या एका प्रयोगशाळेने. तिथे तिच्या नवऱ्याला, बाळाजीला, सतरा नंबर मिळाला होता. दर महिन्याच्या एक तारखेला शकू फोन लावायची आणि विचारायची, "सतरा कसे हायत?"

पलीकडून डॉक्टर प्रणाली सांगायची, "बरे आहेत काकू. वाढतायत."

तेवढ्यावर शकूचा महिना निघायचा.

बाळाजी अलिबाग-मुरुड एसटीवर कंडक्टर होता. निवृत्तीनंतर त्याला दम लागायला लागला. आधी चढावर, मग अंगणात, मग बसल्या जागी. फुप्फुसं आतून राठ होत चालली होती आणि कारण काही सापडत नव्हतं. तीन वर्षांमागे मुंबईला तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढला. त्यातलं उरलंसुरलं संशोधनाला द्याल का, असं विचारायला प्रणाली कागद घेऊन खाटेशी आली. ही औषध देणारी डॉक्टर नव्हे, शोध लावणारी. वय तिशीच्या आतबाहेर, आणि केस विंचरायला वेळ नसल्यासारखे.

"जखम झाली की शरीर ती बुजवतं," तिने समजावलं. "काकांच्या फुप्फुसात जखम बुजली तरी बुजवणाऱ्या पेशी थांबत नाहीत. लिंपतच राहतात."

"मग त्यान्ला थांबवायचं कुनी?" बाळाजीने विचारलं.

"तेच शोधतेय मी. पेशीत आरएनए असतो. बराचसा आरएनए प्रथिनं बनवायचे निरोप नेतो. पण काही तुकडे काहीच बनवत नाहीत. वर्षानुवर्षं लोक त्यांना कचरा समजत होते. आता कळतंय की पेशींनी कधी चालायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो."

बाळाजी हसला, हसताना खोकला, आणि खोकून झाल्यावर म्हणाला, "म्हंजे कंडक्टर! गाडी आमी चालवीत न्हाय. पन डबल बेल मारल्याबिगर ती हालत न्हाय आनि सिंगल मारल्याबिगर थांबत न्हाय. लोकान्ला वाटतं, फुकट पगार खातो."

प्रणालीने ते लगेच वहीत लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे पाहून बाळाजीने सही ठोकली आणि बायकोकडे वळला. "शके, मुंबईत जागा मिळाली बघ. ती पन बिनभाड्याची."

त्यानंतर दीड वर्षाने तो गेला. पेशी मात्र प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत राहिल्या. एका बशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. गर्दी झाली की निम्म्या गोठवून ठेवायच्या, लागतील तशा काढायच्या. खरं तर नमुना कुणाचा ते कुणाला सांगायचं नसतं. पण नंबर शकूच्या कागदावर छापलेला होता, आणि शकूपुढे नियम सांगायला प्रणालीची जीभ रेटत नव्हती.

या महिन्यात फोन केला तर प्रणाली म्हणाली, "काकू, मीच येते. समोर बोलू."

मांडव्याची बोट, अलिबागपर्यंत एक गाडी, पुढे मुरुडची एसटी, असं करत ती दुपारी नांदगावच्या अलीकडे शकूच्या अंगणात पोचली. घामाघूम झाली होती.

"घर दिसलं तशी ओरडले मी, इथेच उतरवा म्हणून," ती म्हणाली. "कंडक्टरने थांबवलीच नाही! शाळेच्या स्टॉपवरून चालत मागे आले."

शकूचा चेहरा उजळला. "न्हायच थांबवनार. नियम हाय तो."

तो नियम तिच्याइतका कुणाला माहीत? सव्वीस वर्षं बाळाजीची गाडी दिवसातून चारदा याच दारावरून जायची. उन्हाळ्यात ती ताकाचा तांब्या घेऊन उभी राहायची. "एकदा तरी थांबवा की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "आज मी बायकोसाठी थांबवली, तर उद्या ड्रायव्हर सासूसाठी थांबवील." गाडी जायची, धूळ खाली बसायची आणि ताक शकूच प्यायची.

घावन खाऊन झाल्यावर प्रणाली मुद्द्यावर आली.

"काकू, गोठवलेली शेवटची कुपी काढलीय. पेशी आता थकल्यात, फार वाढणार नाहीत. त्या आरएनएच्या तुकड्याने पेशीत नेमकं कुणाला धरून ठेवलंय ते बघायचं, तर त्या फोडाव्या लागतात. मग काही उरत नाही."

"न्हाय फोडल्या तर?"

"तीन-चार आठवडे राहतील. मग आपोआप संपतील." प्रणालीने मान खाली घातली. "कागदावर परवानगी आहेच. पण तुम्हाला न विचारता माझा हात होईना."

शकूने घावनाच्या पिठाचा रिकामा डबा पुढ्यात ओढून झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"ह्यातनं औषध व्हईल?"

"माहीत नाही. झालं तरी खूप वर्षं लागतील. नाही झालं, असंही होतं."

"खोटं तरी बोलायचंस गो."

"काकांनी सही करताना बजावलं होतं, तिकीट दिल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. हातात नसलेल्या औषधाचं तिकीट कसं फाडू?"

शकूला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावावा लागला. "मला बघायचे हायत. एकदा. मग सांगते."

प्रणालीने लॅपटॉप उघडला. दोन दिवसांची हालचाल चाळीस सेकंदांत दिसेल असं चित्रण होतं. शेजारी शेजारी दोन बशा. दोन्हींत मधोमध एक ओरखडा, म्हणजे मुद्दाम केलेली जखम. काठाने लांबट, चमकत्या पेशी, कोलंबीच्या पिल्लांसारख्या.

"हे सतरा?"

"हो. दोन्हीकडे तेच."

त्या सरकू लागल्या. डावीकडच्या ओरखडा बुजवून तशाच पुढे, एकीवर एक चढत, नुसती झुंबड. उजवीकडच्यासुद्धा पुढे आल्या. जखम मिटली. आणि मिटल्यावर जागच्या जागी शांत झाल्या.

"ह्या थांबल्या," शकू पुटपुटली.

"त्यांच्यात कमी पडलेला आरएनएचा तुकडा आम्ही परत घातला म्हणून. बशीतलं आहे हे, माणसातलं नाही."

"पुन्ना लाव."

प्रणालीने पुन्हा लावलं. मग आणखी चारदा. शकू फक्त उजवीकडे बघत होती. शेवटच्या वेळी पेशी थांबल्या तसं तिने तिथे, पडद्यावर, बोट टेकवलं. पिठाचा ठसा उमटला.

"सव्वीस वर्सं दारात उभी ऱ्हायले," ती म्हणाली, प्रणालीला नव्हे. "आज थांबलात, अहो."

मग तिने हात मागे घेतला आणि डब्याच्या झाकणावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. टण टण.

प्रणाली बघतच राहिली.

"एवडी शिकलीस, डबल बेल कळत न्हाय? जाऊ दे त्यान्ला."

चारच्या गाडीसाठी प्रणाली निघाली. अंगणाच्या कडेला थबकून म्हणाली, "आणि एक तारखेला?"

"एक तारखेला मी फोन करीन. उचल तू. काय सांगायचं ते तुजं तू बघ."

गाडी शाळेकडून वळून आली. खिडकीतून प्रणालीने हात हलवला. गाडी थांबली नाही, दारावरून सरळ गेली. धूळ खाली बसेपर्यंत शकू तशीच उभी होती. हातात ताकाचा तांब्या होता. तो तिने कधी भरून आणला, ते तिचं तिलाच आठवेना.