विप्रलंभ म्हणजे उशीर

कार्तिकातली सांज. खाडीच्या मुखाशी सूर्य टेकला होता आणि पाण्यावर आधी केशराचा, मग कुंकवाचा, मग राखेचा रंग चढत होता. माडांच्या झावळ्यांतून गळणारा तो उतरणीचा उजेड घरापुढच्या खळ्यात आला, तुळशीला वळसा घालून पडवीत आला आणि पडवीत बसलेल्या दोघींच्या हातांवर थांबला. एकीच्या हातात जाळे होते. दुसरीच्या हातात पुस्तक होते.

जाळे विणत होती ती अनसूया. वय सत्तरीपार, कान मंदावलेले, बोटे मात्र अजून तरणी. पुस्तक वाचत होती ती तिची सून नीलांबरी. कपाळावर कुंकू, मनगटात हिरवा चुडा, आणि उद्या सकाळी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा साहित्यशास्त्राचा पेपर. दोघींच्या मध्ये एक पाट मांडलेला होता. त्या पाटावर कुणी बसत नसे. तो जयवंताचा पाट. एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा.

बारा वर्षांपूर्वी, अशाच केशरी कार्तिकात, जयवंत होडी घेऊन गेला. जाताना पडवीत अर्धे विणलेले जाळे टाकून गेला, आणि अर्धे वाचलेले पुस्तक बायकोच्या हातात ठेवून गेला. लग्नापायी तिचे कॉलेज सुटले होते, ते तिच्यापेक्षा त्यालाच अधिक सलत होते. उंबऱ्यात वळून, मिशीत हसून, परतीचा वायदा करीत तो म्हणाला होता, "तू वाचीत ऱ्हव. मी परत इलंय काय तुझी परीक्षा घेतलंय."

मग वारा फिरला. निळे आभाळ काळवंडले, काळे आभाळ फाटले, आणि वादळाने होडीचा घास घेतला. बरोबरचे सगळे परत आले; म्हणजे त्यांचे देह परत आले, ओहोटीच्या ओल्या वाळूवर, एकामागून एक. त्यांच्या घरी हंबरडे फुटले, बांगड्या फुटल्या, पिंडाला कावळे शिवले. रडून रडून रिती झालेली ती घरे हळूहळू पुन्हा चुलीला लागली. जयवंताचे काहीच आले नाही. ना देह, ना होडीची फळी, ना सदऱ्याची चिंधी. समुद्राने इतर घरांना दुःख दिले आणि या घराला आशा दिली. ते जास्त वाईट झाले.

आशा माणसाला रिकामे बसू देत नाही. अनसूयेने त्याचे अर्धे जाळे उचलले. जाळ्यातल्या इवल्या चौकोनाला त्या किनाऱ्यावर आस म्हणतात. रोज सांजेला ती एक आस विणी, दुसरी आस विणी, आसेला आस जोडत बसे. जाळे पडवीभर झाले, दुमडून दुमडून गाठोड्याएवढे झाले. एवढे लांब जाळे कुठल्या होडीला लागते, असे शेजारणी विचारीत. "जाळा पुरा झाला काय तेचा काम सपला," अनसूया सांगे. "म्हणान पुरा करूचा नाय."

नीलांबरीने पुस्तक उचलले. उपमा, उत्प्रेक्षा, अनुप्रास, यमक, यती. वीररस, शांतरस, भयानक, अद्भुत. शब्द डोळ्यांनी वाचून तिला पाठ होत नसत. ते तोंडाने म्हणावे लागत, घोळवावे लागत, चव कळेपर्यंत जिभेवर ठेवावे लागत. म्हणून ती मोठ्याने म्हणे आणि अनसूया विणता विणता ऐके. अक्षर न ओळखणाऱ्या त्या म्हातारीला शब्द असे कानाने पाठ झाले. अर्थाची तिला फारशी गरज पडली नाही. उत्प्रेक्षेला ती उपेक्षा म्हणे, अनुप्रासाला अनूपरास. पण परीक्षा घ्यायला तिच्याइतके कडक कुणी नव्हते. "माझो झील येईसर मी घेतंय," ती मुलाच्या वतीने म्हणे, आणि सुई नाचवीत विचारत सुटे.

शोकांतिकेवर मात्र तिचा राग होता. थोर राजा, त्याच्या हातून नकळत घडलेला एक प्रमाद, मग दैवाचा फेरा, मग उशिरा उमगलेले सत्य, त्याला नाव अभिज्ञान, आणि शेवटी सर्वनाश. नीलांबरी समजावून सांगे आणि म्हातारी तोंड वाकडे करी. "आमच्या दशावतारात राजा रातभर रानात रडता, पण उजाडताना सगळी परत भेटतत. ह्यो तुझो राजा मेलो तो मेलोच? मगे लोकांनी नाटक बघूचा कित्याक?"

"भय आणि करुणा वाटून मन स्वच्छ होतं, आई. त्याला विरेचन म्हणतात."

"इरेचन म्हंजे एरंडेल," अनसूया म्हणाली. "तेच्यासाठी राजाक मारूक कित्याक व्हया?"

त्या दिवशी दोघी हसल्या होत्या. पाटाकडे न बघता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. त्या घरात हसू असेच येई, पाहुण्यासारखे, आणि चहा न घेताच निघून जाई.

आणि मग एका सांजेला विप्रलंभ आला.

शृंगाराचे दोन भेद, संयोग आणि विप्रलंभ, असे म्हणताना नीलांबरीचा आवाज थोडा लाजला होता. विप्रलंभ म्हणजे प्रिय माणूस दूर आहे, पण भेटीची आशा आहे, असे तिने सांगितले. अनसूयेने सुई खाली ठेवली. तिच्या मंद कानात त्या जड शब्दातली अर्धीच अक्षरे शिरली, आणि जी शिरली ती तिच्या ओळखीची निघाली. विलंब! उशीर! तिचा सुरकुतलेला चेहरा उजळला. एवढी वर्षे जे तिला सांगता येत नव्हते, ते पुस्तकाने सांगितले होते.

दुसऱ्या दिवसापासून मासळीबाजारात, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर ती तो शब्द मिरवू लागली. "माझ्या झिलाक इप्रलंब झालो हा. पुस्तकात लिवलेला असा." बायका पदराआड एकमेकींकडे बघत. पण कुणी तिची चूक काढली नाही. आंधळ्याच्या हातची काठी कोण काढून घेणार?

नीलांबरीनेही काढली नाही. तिने एवढेच केले, तालुक्याच्या वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश काढला आणि शब्द नीट पाहावा म्हणून पान उलटले. विप्रलंभ. पहिला अर्थ, फसवणूक. ठरवून न येणे. दुसरा अर्थ, वियोग. तिने कोश मिटला. तो पहिला अर्थ माशाच्या काट्यासारखा तिच्या घशात अडकला, आणि घरी येऊन भात गिळला तरी तो गेला नाही.

शास्त्राने पुढे एक भेद सांगितला होता. विप्रलंभ सापेक्ष असतो. त्याला अपेक्षा असते, वाट असते, वाटेच्या टोकाला पाऊल असते. करुण निरपेक्ष असतो. त्याला कशाचीच अपेक्षा नसते. तोच विरह, तेच अश्रू, तीच रिती शेज. फक्त आशा विझली की विप्रलंभाचा करुण होतो. लोक निरपेक्ष प्रेमाचे गोडवे गातात. निरपेक्ष म्हणजे काय ते त्यांनी या पडवीत येऊन पाहावे.

कारण आशा विझल्याचे नीलांबरीला ठाऊक होते. ठाऊक होऊन वर्षे लोटली होती. 'परीक्षा घेतलंय' हे त्याचे शब्द तिला आठवत होते, पण आवाज आठवत नव्हता. शब्द होता, ध्वनी नव्हता. समुद्राला कान लावला, उशीला कान लावला, स्वतःच्या छातीला कान लावला. आवाज आला नाही. ज्या सकाळी तो आवाज हरवला हे तिला कळले, त्या सकाळी ती खरी विधवा झाली. त्याच सकाळी सासूने तिच्या कपाळावर स्वतःच्या बोटाने कुंकू रेखले होते, आणि तिने मान खाली घालून ते रेखू दिले होते. तेव्हापासून ती रोज आरशात एक खोटा शब्द लावून बाहेर पडत होती.

आज सकाळी तात्या आले. तात्या म्हणजे जयवंताचे चुलते, वाडीतले वडीलधारे माणूस. खळ्यातच उभे राहिले, पायातली वहाण काढली नाही.

"वयनी, बारा वर्षां झाली. आता दर्भाचो पुतळो करूचो, तेका अग्नी देवचो. तेच्या जीवाक गती मिळाक व्हयी. येत्या अवसेक करूया?"

अनसूयेने जाळे पुढ्यात ओढले. "माका इचारू नको. सून सांगात तसा."

"सांजेक येतंय मगे," म्हणून तात्या गेले.

सबंध दिवस दोघींपैकी कुणी तो विषय काढला नाही. विहिरीचे पाणी भरले गेले, सुक्या बांगड्याला तिखटमीठ लागले, तुळशीपुढचे खळे सारवले गेले. हो म्हणावे तर म्हातारीची बारा वर्षे एका काडीने पेटवायची. नाही म्हणावे तर उरलेला जन्म हिरव्या चुड्यात पुरायचा. नीलांबरी पुस्तक घेऊन बसली खरी, पण ओळी लाटांसारख्या येत होत्या आणि लाटांसारख्याच परत जात होत्या.

आता सांज झाली होती. पाण्यावरचा कुंकवाचा रंग राखेत मिसळत होता. वाडीच्या चढणीवर तात्यांच्या कंदिलाचा ठिपका हलू लागला होता. अनसूयेने सुई हातात घेतली आणि नेहमीसारखी परीक्षा सुरू केली.

"इरेचन?"

"भावांची शुद्धी."

"परमाद?"

"नकळत झालेली चूक. तिच्यामुळे पुढचं सगळं घडतं."

"इप्रलंब?"

"वियोग. भेटीची आशा असते तोवर."

सुई थांबली. कंदिलाचा ठिपका माडाआड गेला, पुन्हा दिसला. म्हातारीने पहिल्यांदाच पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला. किंवा तोच खरा पुस्तकातला प्रश्न होता, आजवर तिने तो टाळला होता.

"आणि आशा सपली काय? मगे तेका काय म्हणतत?"

नीलांबरीने वर पाहिले नाही. उत्तर पाठ होते. रोज, शंभरदा, लाटेच्या तालावर म्हटलेले. तिने पुटपुटल्यासारखा एकच शब्द म्हटला.

"करुण."

वाऱ्याची एक झुळूक आली. झावळ्या सळसळल्या. अनसूयेने कानावर हात धरून मान पुढे केली.

"करून?" ती म्हणाली. "करून टाकूया म्हणतंस?"

एक अक्षर. ण आणि न यांच्यातले टाळूएवढे अंतर. नीलांबरीने तोंड उघडले. नाही हो आई, ते रसाचे नाव, मी पेपरातले सांगत होते, असे म्हणायचे होते. एवढे म्हटले असते तर सगळे राहिले असते. जाळे विणले गेले असते, कुंकू रेखले गेले असते, उशीर उशीरच राहिला असता. नाटकात प्रमाद आणि अभिज्ञान कधी कधी एकाच क्षणी येतात, असे पुस्तक म्हणत होते, आणि आजवर तिला ते पटले नव्हते.

तिने तोंड मिटले. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता.

"होय, आई," ती म्हणाली.

अनसूया रडली नाही. तिने दोऱ्याचे टोक शोधले, अखेरची आस विणली, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. मग विळीवर दोरा धरला आणि कापला. त्या बारीक आवाजासरशी नीलांबरी पुस्तकात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. मन स्वच्छ वगैरे काही झाले नाही. पुस्तक खोटे बोलले होते.

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात टेकत उठली. ते गाठोड्याएवढे जाळे तिने कडेवरच्या मुलासारखे उचलले आणि मधल्या पाटावर ठेवले. क्षणभर त्याच्यावरून हात फिरवला.

"मगे खरा काय ता सांग," ती हळूच म्हणाली. "तो इप्रलंब म्हंजे उशीरच होतो मां गो?"

"उशीरच, आई."

"हां," अनसूया म्हणाली. "तसाच म्हटलंय मी."

कंदील खळ्याशी येऊन थांबला. तात्या काही विचारणार, तोच तिने पाटाकडे बोट दाखवले. "दर्भ सुटो ऱ्हवाचो नाय, तात्या. पुतळो ह्या जाळ्यात बांधा. तेचा असा ता."

खाडीवरचा शेवटचा रंग गेला. केशर गेले, कुंकू गेले, राख उरली. बारा वर्षांनी त्या पाटावर काहीतरी बसले होते, आसेला आस जोडून विणलेले, अजून एकदाही न भिजलेले. त्याला कधी पाणी लागणार नव्हते, त्याला कधी मासा लागणार नव्हता. येत्या अवसेला, पहिल्यांदा आणि शेवटचे, त्यात काही सापडणार होते, तो अग्नी.