नातेवाईक आढळून आले नाहीत

चंपतराव आमच्या नगरपालिकेत आरोग्य विभागाचे कारकून. मी कवडू, शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळायचो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नागपूरहून बसने तासाभरावर आहे, एवढे पुरे. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची.

मार्चमधल्या एका सकाळी, चहा यायच्या आधी, टपाल आले. त्यात नागपूरच्या मेंटल हॉस्पिटलचे पत्र होते. कौसल्या नावाची रुग्ण बरी झाली आहे, नगरपालिकेच्या दवाखान्यातून रोजची गोळी मिळाल्यास ती घरी राहू शकेल, तरी नातेवाइकांचा शोध घेऊन कळवावे. आजार बरा करण्याचे काम त्यांचे, घर शोधण्याचे आमचे. असा शोध चंपतराव घेत. आणि कौसल्या ही चंपतरावांची सख्खी बहीण होती.

हे तिसरे पत्र. आधीच्या दोन्हींना चंपतरावांनी सुवाच्य अक्षरात उत्तर दिले होते, 'सदर पत्त्यावर नातेवाईक आढळून आले नाहीत.' त्यावर गोल शिक्का मारून टपालात टाकणारा मी. कौसल्या आणि मी एका गल्लीत वाढलो. सात वर्षांपूर्वी तिचे तान्हे मूल गेले. ती बोलेनाशी झाली, भर उन्हात विहिरीच्या काठावर जाऊन बसू लागली. नवऱ्याने तिला माहेरी आणून टाकले आणि भावाने, कागदावर नवऱ्याचेच नाव लावून, हॉस्पिटलात. हे सगळे मला ठाऊक होते.

"चंपतराव, आता तरी खरं लिहा गा," मी हळूच म्हटले.

"पंधरा दिवसावर यमूचं लगन आहे, कवडू. पारशिवनीच्या सोयऱ्यायले सांगून चुकलो, का पोरीची आत्या वारली म्हणून. घरात पागल आहे म्हटलं तर पोरगी उजवन का माही?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "मेलेली बहीण आता कुठून आणू, तूच सांग."

माझ्याही दोन मुली लग्नाच्या होत्या. आमच्यात दारुडा भाऊ सांगता येतो, खोकणारा सासरा सांगता येतो. डोके बिघडलेले माणूस मात्र मारूनच टाकावे लागते. आणि हे मारण्याचे काम चांगल्या घरची, शिकलेली माणसे करतात. उत्तर गेले. शिक्का मीच मारला.

आठवड्याने भरदुपारी हॉस्पिटलच्या समाजसेविका सिंधूताई स्वतःच ऑफिसात आल्या. कागदांना कंटाळून त्यांनी कौसल्येलाच बसमध्ये बसवून आणले होते. धुतलेले लुगडे, चापून विंचरलेले केस. दारात चपला काढून ती आत आली.

"यांचा भाऊ नगरपालिकेत आहे म्हणतात," सिंधूताई म्हणाल्या. "बघा कौसल्याबाई, इथे आहे का कोणी ओळखीचं?"

कौसल्येने भावाकडे पाहिले. चंपतरावांचे तोंड पांढरेफटक पडले होते. मग तिची नजर त्यांच्या टेबलावर गेली. हळदीकुंकू लावलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा तिथे पडला होता. चौथीपर्यंत शिकलेली ती. ओठ हलवत तिने वरची पत्रिका वाचली. नवरीचे नाव, बापाचे नाव, खाली काका-मामांची रांग. तिचे नाव कुठेच नव्हते.

"नाही बाई," ती म्हणाली. "याच्यात माहं कोणी नाही. भाऊ बदलून गेला असन कुठं."

सिंधूताई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथलेच ना? तुम्ही ओळखता यांना?"

कौसल्या मान हलवून मला नको म्हणत होती, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे मी तिच्याकडे पाहिलेच नाही. मी टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहत होतो.

"नाही," मी म्हटले.

यमूचे लग्न थाटात झाले. पंगतीत बुंदी वाढायला मी होतो.

जूनमध्ये मात्र राहवेना. नागपूरला जाऊन मी सिंधूताईंना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, त्याने जास्तच लाज वाटली. "शेजाऱ्याच्या ताब्यात देता येत नाही," एवढेच म्हणाल्या. "भावाला घेऊन या." आणतो, असा मी शब्द दिला. मग त्यांनी मला आत नेले.

कौसल्या ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहून माफीचे शब्द जुळवू लागलो. तिने आधी इकडेतिकडे पाहिले, सिंधूताई लांब गेल्याची खात्री केली आणि अगदी हळू आवाजात विचारले,

"कवडूभाऊ, यमूचं लगन नीट पार पडलं ना गा? मी आली होती ते कोणाले माहीत तर नाही ना झालं?"