तुपात मुरलेला पोळपाट

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर वाडगा म्हणाल. खुशाल म्हणा. पण मी मूळचा पोळपाट, आणि चौतीस वर्षांची सवय सहजासहजी सुटत नाही. घरात कणकेची परात निघाली की अजूनही मला वाटतं, आता आपल्याला हाक येणार.

माझा जन्म झाशीच्या बडा बाजारातला. तिथल्या एका कारागिराने शिसवीच्या एकाच फळीतून मला गोल उतरवलं, खाली तीन पाय ठेवले आणि बकुळाबाईंच्या हाती दिलं. बकुळाबाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. लेकीच्या, म्हणजे सरलाबाईंच्या लग्नात त्यांनी मला रुखवतात मांडलं आणि माझ्याबरोबर बाभळीचं एक जाडजूड लाटणंही ठेवलं. लग्नानंतर आम्ही दोघं सरलाबाईंबरोबर छावणीमागच्या कॉलनीत राहायला आलो. त्यांचे यजमान मकरंदराव चिपळूणचे. इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते.

माझ्यावर किती पोळ्या लाटल्या गेल्या, मोजल्या नाहीत. होळीला पुरणपोळ्यांचा घाणा सकाळी सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत. शेजारच्या बायका म्हणायच्या, "सरलाजी, आपकी पूरनपोली तो मुँह में घुल जाती है." स्तुती त्यांची असली तरी त्यातली निम्मी माझी, असं मी मनाशी धरून चालायचो. सरलाबाईंची एक रीत होती, बकुळाबाईंकडून आलेली. लाटून झालं की मला पाण्याखाली धरायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि वर तुपाचं बोट फिरवायचं. ते तूप हळूहळू माझ्यात मुरत गेलं. मी गुळगुळीत झालो, काळाभोर झालो आणि थोडा गर्विष्ठही झालो.

गर्वाचं घर खाली, म्हणतात ना. एका मे महिन्यात सरलाबाई लग्नासाठी मऊरानीपूरला गेल्या. बायको परत येईपर्यंत स्वयंपाकघर लख्ख करून ठेवावं, असं मकरंदरावांच्या मनात आलं. माणूस भला, पण संसारात त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी मला रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं, सकाळी काथ्याने घासलं आणि अंगणात भिंतीला टेकवून उन्हात उभं केलं. कोकणातला माणूस. तिकडे कपडेसुद्धा लवकर वाळत नाहीत. उन्हाची त्यांना भारी माया. पण झाशीचं मे महिन्यातलं ऊन माया करणाऱ्यांतलं नाही. दुपारी लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, सुटली आणि मी मधोमध फाटलो. आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला.

सरलाबाई परतल्या. त्यांनी माझे दोन तुकडे पाहिले आणि विचारलं, "धुतलात?"

"हो. चांगला स्वच्छ केला."

बकुळाबाई जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सरलाबाईंनी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर मकरंदरावांना सोपं गेलं असतं. त्या गप्प राहिल्या, ते त्यांना फार लागलं.

घरात संगमरवरी पोळपाट आला. थंड, जड आणि शिष्ट. माझं लाटणं त्याच्यावर फिरू लागलं. मी डब्यामागून तो आवाज ऐकत असे. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग मकरंदराव निवृत्त झाले. त्यांनी स्कूटरच्या शेडमध्ये लाकूड कातायचा लेथ बसवला. सरलाबाई त्याला खरादच म्हणत. लाकडाचे छोटे तिरके तुकडे कापायचे, बारा तुकडे जोडून एक कडं करायचं, कड्यावर कडं चिकटवायचं आणि लेथवर फिरवून त्याचा वाडगा उतरवायचा, ही विद्या त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. लोखंडात आयुष्य काढलेल्या माणसाला वाटलं, लाकूड ते काय! पण प्रत्येक तुकड्याच्या कोनात केसभर चूक झाली की बाराव्या तुकड्याशी येईपर्यंत तिची फट होते. पहिली सहा कडी जुळलीच नाहीत. बडा बाजारातले सुतार अजय भैया त्यांना शिकवायला येत. ते म्हणाले, "बाबूजी, आखिरी टुकड़े को घिसके मत बिठाइए. गलती पहले टुकड़े में है, वहीं जाइए." मकरंदराव वर्षभर पहिल्याच तुकड्याकडे जात राहिले. खोक्यांच्या लाकडाचे वाडगे बिघडवत, सुधारत त्यांचा हात एकदाचा बसला.

एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सरला, तो पोळपाट देशील?"

"जोडलेल्या पोळपाटावर पोळी होत नाही. चीर पोळीवर उमटते."

"पोळपाट नाही करत. वाडगा करतो. वरचं कडं त्याचं, खालची अजयकडच्या शिसवीची."

सरलाबाईंनी मला लुगड्यातून बाहेर काढलं. बराच वेळ हात फिरवला. "बाईचा हा पोळपाट आणि ते लाटणं, एवढंच उरलं आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. आईला त्या बाई म्हणत. "लाकूड एकदाच कापता येतं. लक्षात आहे नं?"

"आहे."

मित्रांनो, करवत लागली तेव्हा मी घाबरलो. बारा तुकडे झाले. मकरंदरावांनी त्यांना सरस लावला, कडं आवळून दोन दिवस ठेवलं. एकही फट नव्हती. अजय भैयांनीही मान डोलावली. मग कडं लेथवर चढलं, फिरू लागलं, पोलादी हत्यार टेकलं, आणि मी सुटलो. बाराही सांधे उकलले. एक तुकडा भिंतीवर आपटून त्याच्या चिरफळ्या झाल्या. मकरंदराव भिंतीला पाठ लावून खाली बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं.

आता इथे ते चुकले. त्यांनी अकरा तुकडे बिस्किटांच्या डब्यात भरले आणि झाकण लावून टाकलं. "झालं का?" असं सरलाबाई जेवताना विचारत, आणि ते म्हणत, "होतंय." असे तीन आठवडे गेले. पुन्हा जोडायला त्यांना धीर होत नव्हता. कोन बरोबर, सरस ताजा, मग सुटलं का, हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं, पण लाकडाचं ऐकतो कोण?

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. सरलाबाई खोबऱ्याच्या वड्यांसाठी ताटाला तूप लावत होत्या. मकरंदरावांनी डबा त्यांच्यापुढे ठेवला, झाकण उघडलं आणि म्हणाले, "दुसऱ्यांदा मोडला मी. एक तुकडा तर गेलाच."

सरलाबाईंनी एक तुकडा उचलला. नाकाशी नेला. मग मकरंदरावांकडे पाहिलं आणि हातातलं ताट पुढे केलं.

"ताटाला तूप कशाला लावतात?"

"वड्या चिकटू नयेत म्हणून."

"मग? चौतीस वर्षं रोज तूप प्यायलंय हे लाकूड. त्याला तुमचा सरस कसा धरेल?"

मकरंदरावांनी तुपकट ताटावरून बोट फिरवलं. मग हसले. किती तरी दिवसांनी हसले. "इंजिनियर मी, आणि..."

"चूक पहिल्या तुकड्यात असते म्हणे," सरलाबाई म्हणाल्या. "आणि लपवलंत कशाला? पोळपाट माझा. मोडला तर मला सांगायचं नं?"

"तू तेव्हा काही बोलली नाहीस. वाटलं, आता तर मुळीच बोलणार नाहीस."

"बोलायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या, आणि वड्या तशाच ठेवून शेडमध्ये गेल्या.

दोघांनी मिळून माझा एकेक सांधा साफ केला. मकरंदराव कड खरवडत, सरलाबाई स्पिरिटच्या फडक्याने पुसत. फडकं पिवळं झालं की नवीन घेत. ते कोरं निघेपर्यंत सरलाबाईंनी सरसाची बाटली उघडू दिली नाही. बारावा तुकडा कुठून आणायचा, हा प्रश्न उरला. सरलाबाई आत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या.

"हे मधे झिजलंय. पोळी मधेच जाड राहते. ह्यातून काढा."

असं माझं लाटणं माझ्या शेजारी कायमचं बसलं. अकरा तुकडे काळे, एक फिकट. या वेळी लेथ फिरला, हत्यार टेकलं, आणि मी धरून राहिलो. मग खाली अजयकडच्या शिसवीची कडी चिकटवून मकरंदरावांनी वाडगा पुरा केला.

तर मित्रांनो, ओलं लाकूड भर उन्हात ठेवू नका, एवढं माझं ऐका. आणि कोणाची वस्तू तुमच्या हातून मोडली तर ती डब्यात झाकून ठेवू नका. ज्याची आहे त्याच्यापुढे ठेवा. कशाने सुटलं आणि कशाने जुळेल, हे बऱ्याचदा त्यालाच ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी सरलाबाईंनी माझ्यात पांढरं फडकं अंथरलं आणि तव्यावरची पोळी ठेवली. मग तुपाच्या भांड्यात बोट बुडवून माझ्या काठावरून फिरवलं. मकरंदराव जेवता जेवता दचकले. "अगं, तूप नको. पुन्हा सुटेल."

"आता जोडून झालंय," त्या म्हणाल्या, आणि बोट फिकट तुकड्यावरून पुढे गेलं.